ग्रीस-तुर्कीत कागद कमोडमध्ये टाकायचा नाही म्हणे, मग टाकायचा कुठं?

रावेरची_केळी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबा, काका-काकू आणि आम्ही दोघं असे अथेन्स, सँटोरिनी, इस्तंबूल, कापाडोकिया करतोय. टूर कंपनी नको म्हणून हॉटेलं मीच शोधली, मीच बुक केली. सगळं झाल्यावर निवांत रिव्ह्यू वाचायला घेतले, तर जिथं तिथं एकच रडगाणं: बाथरूममध्ये पाटी लावलेली आहे, कागद कमोडमध्ये टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. स्वस्तातल्या हॉटेलांचं समजू शकतो, पण बऱ्यापैकी भाड्याच्या हॉटेलांतही तेच.

बाबांना हे वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि दोन प्रश्न विचारले. एक, वापरलेला कागद आपण झोपतो त्या खोलीत ठेवायचा का? दोन, मुळात कागद वापरायचाच कशाला? काकू तर म्हणाल्या, मी पंढरपूरला जाते, तुम्ही या जाऊन.

तर जाऊन आलेल्यांना विचारतो. पाटी खरंच पाळावी लागते की नुसती लावून ठेवलेली असते? पाण्याची सोय काय? आणि इथून काय न्यावं? ज्यांना या विषयाची किळस आहे त्यांनी धागा उघडू नये, बाकीच्यांनी मोकळेपणानं लिहा.

तात्या_चोपडा

टमरेल न्या. विषय संपला.

कळण्याची_भाकरी

तात्या, तुमचं पितळी टमरेल एअरपोर्टच्या स्कॅनरमधून जाताना मला बघायचंय. अधिकारी विचारेल हे काय, आणि तुम्ही सांगाल चोपड्याची शान.

गिरणामाय

दादा, पाटी पाळावीच लागते. आम्ही अथेन्समध्ये आणि पुढं दोन बेटांवर राहिलो, सगळीकडं होती. कमोडच्या मागं, बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी. शेजारी पायानं उघडायचा झाकणाचा छोटा डबा, आत पिशवी, आणि साफसफाईवाली बाई रोज पिशवी बदलून जायची. आम्हाला वास कधी आला नाही. कागदाची घडी घालायची, वापरलेली बाजू आत, टाकायचा, झाकण बंद. दोन दिवसांत हाताला सवय होते.

तुमच्या बाबांना सांगा, आपण पाण्यानं धुणारी माणसं. कागद लागतो तो कोरडं करायला. डब्यात पडतो तो नुसता ओला कागद. त्यामुळं त्यांना वाटतंय तेवढा तो डबा भयंकर नसतो.

पण कागदापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे, ती कुणी सांगत नाही. तिकडच्या बऱ्याच बाथरूमना फरशीत जाळीच नसते! शॉवरच्या चौकोनाबाहेर पाणी सांडलं की ते जाणार कुठं? उतार नाही, नहाणी ट्रॅप नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एक गुजराती कुटुंब होतं. आजींनी सवयीनं मग भरभरून पाणी घेतलं. पाणी दारातून पॅसेजच्या कार्पेटवर, आणि थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरचा माणूस वर. हॉटेलवाल्यानं बिलात पैसे लावले. आजी बिचाऱ्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, संडासात पाणी सांडायचं नाही तर कुठं सांडायचं?

म्हणून ज्येष्ठांना आधी हे शिकवा: पाणी थोडं घ्यायचं, बसल्या जागी भांड्याच्या आत घ्यायचं, बाहेर थेंब नाही.

पांझराकाठ

माझं मत वेगळं आहे. मी कामानिमित्त बराच फिरलोय, ग्रीस, मेक्सिको, व्हिएतनाम सगळीकडं पाट्या पाहिल्या आणि सगळीकडं कागद फ्लश केला. काहीही झालं नाही. या पाट्या म्हणजे हॉटेलवाल्यांचा कामचुकारपणा. पाइप बदलायला पैसे लागतात, पाटी चिकटवायला लागत नाहीत. पैसे मोजून राहतो तर घाण डब्यात जपून ठेवायची कशाला?

पाइपफिटर_जळगाव

पांझराभाऊ, तुम्ही फ्लश केलं आणि "काहीही झालं नाही". तुम्ही तिथं किती रात्री होता? चोकअप कधी एका माणसाच्या एका कागदानं होत नसतो. तुमच्याआधीच्या पंचवीस जणांचा थर पाइपात बसलेला असतो, आणि सव्विसाव्याच्या वेळी भांडं वर भरून येतं. तो सव्विसावा बहुतेक साधा माणूस असतो. तोंड पाडून रिसेप्शनला जातो.

आता धंद्याचं सांगतो. आपल्याकडं आज संडासाची लाइन ११० मिलिमीटरची असते, म्हणजे आपली चार इंची. भांड्याला खाली वाकडा ट्रॅप असतो, त्यात पाणी कायम उभं राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. हा ट्रॅप १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसानं पेटंट केला, आणि तो घड्याळं बनवणारा होता, प्लंबर नव्हता. असो.

ट्रॅपमधून पुढं गेलं की सगळा खेळ तीन गोष्टींचा: उतार, बेंड आणि पाणी. चार इंची लाइनला आम्ही चाळीस फुटाला एक फूट उतार धरतो. उतार कमी पडला की मैला बसतो. फार दिला तरी बसतो, कारण पाणी पुढं पळून जातं आणि घन माल मागं राहतो. हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. जुन्या इमारतीत संडास जिना नाहीतर बाल्कनीच्या कोपऱ्यात मागाहून काढलेला असतो, तिथं पाइपाला वळणं फार. प्रत्येक बेंडला कागद अडकायची जागा. त्यात जुना बिडाचा पाइप आतून गंजून, थर चढून अरुंद झालेला.

ग्रीसमध्ये पाइप दोन इंची असतात असं इंटरनेटवर सगळे लिहितात. कमोडचं तोंडच साधारण चार इंची असतं, त्याला दोन इंची लाइन कोण जोडेल, हे मला कळत नाही. चार इंची टाकून आतून दोन इंची उरलेली असेल, तर शंभर टक्के पटतं. कारण काहीही असो, तिथं राहणाऱ्याला त्याच्या लाइनची तब्येत माहीत असते, आपल्याला नसते.

तिसरं पाणी. जुन्या फ्लशच्या टाक्या दहा-साडेबारा लिटरच्या असायच्या, धबधबा. आताच्या ड्युअल फ्लशमध्ये छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. तीन लिटरमध्ये कागदाचा गोळा लांब जात नाही. बेटांवर तर पाणीच कमी, खूप ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, ते काय मोकळ्या हातानं ओतणार?

लॉजवाला

हा धागा वाचून राहवलं नाही. माझं छोटं लॉज आहे, अजिंठ्याला जाणारे पाहुणे जळगाव स्टेशनला उतरून एक रात्र आमच्याकडं थांबतात. त्यात परदेशी बरेच. म्हणजे तुम्ही तिकडं जाऊन जी पाटी वाचता, तशी पाटी मी इथं लावलेली आहे. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. फ्रेंच एका पाहुणीनंच लिहून दिली, वर हसरा चेहरा काढला.

का लावली ते सांगतो. आमच्याकडं सेप्टिक टाकी आहे. आपले देशी गिऱ्हाईक पाण्याचे, टाकी वर्षानुवर्षं गपगुमान चालायची. परदेशी वाढले तसा टाकी उपसणारा गाडीवाला लवकर लवकर बोलवावा लागायला लागला. एकदा ऐन दिवाळीच्या सीझनला तळमजल्याच्या चेंबरमधून वर आलं. मेच्या उन्हात झालं असतं तर मी लॉज विकलंच असतं. चेंबरचं झाकण काढलं तर वर कागदाची साय धरलेली, बोटभर जाड, सळई घातली तरी बाजूला होईना. गाडीवाल्यानं पाइप आत सोडला, तोही कागदानं चोंदला. तो मला म्हणाला, शेठ, हे काम दुप्पट पैशाचं.

पांझराभाऊ, तुम्ही ज्याला कामचुकारपणा म्हणता ना, त्या पाटीमागं कुणीतरी असा चेंबरपाशी उभा राहिलेला असतो.

पांझराकाठ

लॉजवाले, तुमचं मान्य. सेप्टिक टाकीचं मी धरलं नव्हतं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. शहरातल्या हॉटेलात, जिथं म्युनिसिपालटीची ड्रेनेज लाइन आहे, तिथं हा नियम का? आणि उघड्या डब्यात माश्या बसतात त्याचं काय? व्हिएतनाममध्ये एका ठिकाणी डब्याला झाकण नव्हतं, पिशवी नव्हती. मी ते दार पुन्हा उघडलं नाही.

खापरावरचे_मांडे

मना आजा हाई वाचता तं म्हनता, इतला पैसा खर्च करीसन फॉरेनले जावानं आनि डबामा कागद टाकानं? त्यापेक्षा आपलं वावर काय वाईट शे!

कळण्याची_भाकरी

😂😂 वावरात फक्त विंचू बघून बसायचं. पाटी नाही, डबा नाही, पासवर्ड नाही.

ओसाकाकर_चाळीसगाव

सध्या जपानात आहे. इथं उलटी तऱ्हा. हॉटेलांत, स्टेशनांत इंग्रजी, चिनी, कोरियन भाषेत पाट्या असतात की कृपया वापरलेला कागद कमोडमध्येच टाका, डब्यात टाकू नका. कारण ज्यांच्या देशात डब्यात टाकायची सवय आहे ते पाहुणे इथंही कोपऱ्यात गठ्ठा ठेवून जातात. बायकांच्या बाजूला छोटा डबा असतो तो फक्त पॅडसाठी.

म्हणजे खरा नियम एकच, त्या खोलीतली पाटी वाचा. देशाचा नियम नसतो, इमारतीचा असतो, आणि तोही बदलत असतो. दक्षिण कोरियात पूर्वी सगळीकडं डबे होते. १ जानेवारी २०१८ पासून सार्वजनिक शौचालयांतले डबे काढायला लावले आणि कागद फ्लश करा असं सुरू झालं. तैवानमध्येही २०१७ पासून सरकार लोकांच्या मागं लागलं होतं की फ्लश करा. दोन्हीकडं जुन्या लोकांचा हात अजून डब्याकडंच जातो म्हणे.

बाकी जपानात आपल्या लोकांची चैन आहे. पाण्याच्या फवाऱ्याचं सीट टोटो कंपनीनं १९८० मध्ये आणलं, आता घराघरांत आहे. गरम पाणी, फवाऱ्याचा जोर, कोन, वर गरम हवा. माझे बाबा आले तेव्हा त्यांनी उत्साहानं सगळी बटणं दाबून पाहिली. उठून उभं राहून दाबली. पुढचं सांगत नाही. बाथरूमचं छत मी पुसलं.

तात्या_चोपडा

बाबांचा जोर जपानी मशीनला झेपला नाही म्हणायचं.

अमळनेर_लंडन

रावेरदादा, लंडनहून सांगतो. इथं कागद बिनधास्त फ्लश करतात, पण इथल्या गटारांत जे अडकतं ते कागदामुळं नाही, वेट वाइप्समुळं. २०१७ मध्ये व्हाइटचॅपल भागात गटारात अडीचशे मीटर लांबीचा गठ्ठा सापडला, १३० टनांचा. स्वयंपाकाची चरबी आणि वाइप्स एकत्र होऊन दगड झालेला. माणसं खाली उतरून जोरदार पाण्यानं आणि फावड्यांनी फोडत होती. त्याचा वाळवलेला तुकडा पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ लंडनमध्ये काचेत ठेवला आणि लोक रांगा लावून बघायला गेले. आपल्याकडं असतं तर प्रसादाची सोय झाली असती.

म्हणून सांगणं हे की आई-काकूंच्या पर्समध्ये वाइप्सचं पाकीट असेलच. ते पाणी नसेल तिथं चांगलं, पण वाइप कमोडमध्ये कुठल्याही देशात टाकू नका. पाकिटावर "फ्लश करता येतं" असं लिहिलेलं असलं तरी नाही.

पाइपफिटर_जळगाव

लंडनभाऊ बरोबर. यात आणखी एक भर. सगळा कागद सारखा नसतो. टॉयलेट रोलचे तंतू सैल असतात, पाण्यात सुटतात. तोंड पुसायचा टिश्यू आणि किचन रोल ओले झाले तरी फाटू नयेत म्हणून त्यांत वेगळं रसायन घातलेलं असतं, ते तसेच राहतात. घरी बाटलीत पाणी घेऊन दोन्ही वेगवेगळे टाकून हलवून बघा. रोलचं ताक होतं, टिश्यू तसाच फिरत बसतो. आपली माणसं नेमकं विमानातून, हॉटेलच्या टेबलावरून उचललेले टिश्यू वापरतात आणि सोडून देतात.

पांझराभाऊंच्या प्रश्नाबद्दल: रस्त्यातली लाइन म्युनिसिपालटीची आणि मोठी असली तरी इमारतीतली लाइन मालकाची असते. चोकअप नव्वद टक्के इमारतीतच होतो. ही टक्केवारी माझ्या अंदाजाची, कागदोपत्री मागू नका.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेतून रिटायर झालो, डब्यांच्या देखभालीत आयुष्य गेलं. पाट्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्या डब्यांत बायो-टॉयलेट बसवले, डीआरडीओ आणि रेल्वेनं मिळून तयार केलेले. खाली टाकीत जीवाणू असतात, ते मैल्याचं पाणी करतात. जीवाणू बिचारे काम करतात. पण वरून काय येतं? पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, डायपर, एकदा तर अख्खा टॉवेल. जीवाणूंनी टॉवेल खायचा का? पाटी होती, शेजारी डबा होता. चित्रही होतं, न वाचणाऱ्यांसाठी.

वंदे भारतमध्ये व्हॅक्यूम लावलंय, विमानातल्यासारखं खेचून घेणारं. त्यात पाणी फार कमी लागतं, पण बाटली अडकली तर अख्ख्या प्रवासाचे हाल. ग्रीसच्या हॉटेलवाल्याला हसू नका, त्याच्या पाटीचं निदान रिव्ह्यू तरी कुणी लिहितं.

आखाजी

गिरणामायताई, जाळीचं सांगितलंत ते लाखमोलाचं. मी तुर्कीचं सांगते, कारण रावेरदादांचा अर्धा प्रवास तिथला आहे.

तुर्कीत पाण्याची काळजी नको. कमोडच्या आत, मागच्या कडेला एक बारीक नळीचं तोंड असतं आणि त्याची चावी उजव्या हाताला भिंतीवर किंवा भांड्याच्या बाजूला. बसायचं आणि चावी उघडायची. पण हळू! पाव फेराच. आमच्याबरोबरच्या एका काकांनी घरचा नळ सोडतात तशी सोडली, पाणी पाठीवरून शर्टाच्या कॉलरपर्यंत. पाणी गार असतं हेही सांगून ठेवा, कापाडोकियाच्या पहाटे अंगावर काटा येतो. जुन्या भागातल्या हॉटेलांत कागद तिथंही डब्यातच.

आणि मशिदींत, हायवेच्या ढाब्यांवर बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखं बसायचं भांडं असतं, शेजारी खाली नळ आणि नळाखाली चक्क प्लास्टिकचा मग. तात्या, तुमचं टमरेल तिथं आधीच पोचलेलं आहे. फक्त गुडघ्याचा त्रास असेल तर धरायला काही नसतं, हे लक्षात ठेवा.

बायकांसाठी एक. पॅड कुठल्याच देशात, कुठल्याच हॉटेलात फ्लश करायचं नाही, कागदात गुंडाळून डब्यात. गडद रंगाच्या छोट्या पिशव्या इथून न्या, कागदालाही उपयोगी पडतात आणि डब्याला झाकण नसलं तरी लाज वाटत नाही.

तात्या_चोपडा

टमरेल झिंदाबाद. कळण्याच्या भाकरीनं माफी मागावी.

कळण्याची_भाकरी

शेवभाजी पाजतो तात्या, रस्सा वरून.

धुळ्याचा_मुसाफिर

उमऱ्याला गेलो होतो तेव्हा मक्का-मदिनेत ही चिंताच नव्हती. प्रत्येक कमोडशेजारी नळी, तिकडं शत्ताफ म्हणतात. फरशीला जाळी असते, मोकळेपणानं पाणी वापरा. दुबईतही तेच, म्हणून आपल्या रावेर-यावलचे केळीवाले आखातात निवांत असतात आणि युरोपात गेले की तोंड उतरतं.

युरोपातही सगळीकडं कोरडं नाही पण. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशापासून घरात निदान एका बाथरूमला बिडे ठेवावंच लागतं, म्हणजे कमोडशेजारी धुवायला दुसरं बुटकं भांडं. आमच्या ग्रुपमधल्या एकानं त्यात आठवडाभर मोजे धुतले. फिनलंडमध्ये कमोडशेजारी आपल्यासारखाच छोटा हँडशॉवर असतो, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पांझराकाठ

विषय निघालाच आहे तर बोलतो. आपण पाण्याचा फार अभिमान बाळगतो. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ कधी येईल याची वाट बघत ड्रम भरून ठेवतात. एप्रिल-मेमध्ये बादली बादली मोजून वापरतो. तेव्हा कागद बरा नाही का?

गिरणामाय

पांझरादादा, धुवायला लागतं ते एक मगभर पाणी. खरं पाणी जातं फ्लशला, ते कागदवाल्यांनाही लागतं. उलट कागद पुढं ढकलायला मोठं बटण दाबावं लागतं, हे पाइपफिटरभाऊंनीच वर सांगितलंय. आणि कागद काय झाडाला लागतो? बनवायलाही पाणी लागतंच ना. उन्हाळ्यात आम्ही कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवून फ्लशला वापरतो. तसं तर तुमच्या ड्रमातही चालेल.

पांझराकाठ

कपड्याचं पाणी आमच्याकडं गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. पण मुद्दा घेतला.

लॉजवाला

रावेरदादा, हॉटेलवाला म्हणून तीन कामाच्या गोष्टी. खोलीत शिरल्या शिरल्या बाथरूम बघा. पाटी नसेल आणि डबाही नसेल तर रिसेप्शनला फोन करून विचारा, लाजू नका, ते रोज सांगतात. पाटी असूनही चुकून कागद गेला तर घाबरून पुन्हा पुन्हा फ्लश दाबू नका. पाणी वर येतंय असं दिसलं की थांबा, खाली उतरू द्या, तरी नाही गेलं तर सांगा. लपवलं की खालच्या मजल्यावर जातं. आणि चेक-आउटच्या आधी डब्यातल्या पिशवीला गाठ मारून ठेवा. कुणी सांगत नाही, पण साफसफाईवाली बाई मनातून दुवा देते.

रावेरची_केळी

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वाचून दाखवलं. काका ओसाकावाल्या बाबांच्या छतावर हसून हसून बेजार झाले. काकू पंढरपूर रद्द करून आमच्याबरोबर येतायत, पण त्यांची अट आहे की प्रत्येक हॉटेलात बाथरूम त्या आधी बघणार.

न्यायचं ठरलं ते असं: तोटीच्या झाकणाच्या दाबायच्या प्लास्टिक बाटल्या, प्रत्येकाला एक, विमानात रिकाम्या. भांड्याच्या आतच वापरायच्या, फरशीवर थेंब नाही. गडद पिशव्या. एक जुना पंचा, फरशीवर सांडलंच तर पुसायला. वाइप्स फक्त फिरताना, आणि ते पिशवीत परत येणार. बाबा रोज पाइपफिटरभाऊंच्या प्रयोगाच्या दोन्ही बाटल्या हलवून बघतात, टिश्यू अजून विरघळला नाही म्हणून खूश आहेत.

आता एकच राहिलं. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सँटोरिनीला मोठ्या बोटीनं जायचंय, बरेच तास लागतात. बोटीवर काय करायचं?

भुसावळ_जंक्शन

मोठ्या बोटींवर बहुतेक व्हॅक्यूमच असतं. तिथं ठेवलेला रोल सोडून आत काहीही टाकायचं नाही, आणि पाटी असेल तर रोलही नाही. फ्लश दाबायच्या आधी उठून उभं राहायचं, झाकण लावायचं, मग दाबायचं. आवाज मोठा होतो, आईंना आधी सांगून ठेवा.

आखाजी

आणि बोट लागते का कुणाला ते बघा. तसं असेल तर आवळासुपारी न्या, बाथरूमचा प्रश्न पुष्कळसा तिथंच सुटतो.